रिकाम्या खुंट्या

देखरेखीच्या बाई येणार म्हणून सासूनं चूल पेटायच्या आधीच फर्मान काढलं, "घरातलं धारेचं काही म्हणून त्यांच्या नजरेला पडता कामा नये. सुईसुद्धा उचल."

"सुईनं कुणी हात मोडतं का, आई?" सून म्हणाली.

"तुला कळत नाही. सरकारी माणूस दोरी बघतो आणि साप लिहितो. उचल म्हटलं की उचल."

सुनेनं भिंतीवरचे दोन्ही विळे काढले. कुऱ्हाड काढली, कोयता काढला, कुदळ काढली. फावड्याची खुंटी शेवटची, दाराजवळची. सासूनं घरातली सुरीही पदराआडून पुढं केली, जणू चोरीचा माल. सगळं कवेत घेऊन सून गोठ्यात गेली आणि कोपऱ्यातल्या भुशाच्या ढिगात खोल खुपसून आली. जागा शोधायला तिला क्षणभरही थांबावं लागलं नाही, हे सासूच्या ध्यानात आलं नाही.

प्रकरण सगळ्यांना ठाऊक होतं. पाटाच्या पाण्यावरून सासूच्या मुलानं आपल्या चुलत भावाचा हात फावड्यानं मोडला होता. पहिलाच गुन्हा म्हणून कोर्टानं तुरुंगाऐवजी घरी पाठवलं, पण गळ्यात दोरी ठेवूनच. देखरेखीच्या बाई अधूनमधून येणार, विचारणार, बघणार आणि शेवटी कोर्टाला कळवणार, हा माणूस पुन्हा असं करील की नाही. करील म्हणाल्या तर पुन्हा आत. गहू शेतात उभा होता, घरात दोन बाया आणि हा एकटा गडी. गहू काही कोर्टाची तारीख बघून पिकत नाही.

तो परत आल्यापासून घरात कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं. ठेवलं तिथं तो बसायचा, दिलं ते खायचा, सांगितलं ते काम करायचा. दाढ काढायला सुई दिली की गाल आपलाच असून परका लागतो, तसं सगळ्या घराचं झालं होतं. रडावंसं कुणाला वाटत नव्हतं, भांडावंसंही नाही. सून पाणी भरायची, धारा काढायची, भाकऱ्या थापायची आणि संध्याकाळ झाली की दिवस संपला एवढंच तिला कळायचं.

बाई आल्या त्या उन्हं चढल्यावर. स्कूटर झाडाखाली लावली, हेल्मेट हँडलला अडकवलं. चपलेचा अंगठा तुटलेला होता, तो त्यांनी टाचणीनं जोडला होता. सासूनं सतरंजी झटकली तरी त्या पालथ्या घमेल्यावरच बसल्या.

"दारू?" बाईंनी विचारलं.

"नाही," तो म्हणाला.

"जुगार?"

"त्याला पत्ते धरता येत नाहीत हो," सासू मधेच म्हणाली. "आमचं पोर म्हणजे गरीब गाय."

"गायीनं चुलत भावाचा हात मोडलाय, आजी," बाई मान वर न करता म्हणाल्या.

सासू तोंडातल्या तोंडात काहीतरी चावत राहिली.

"राग आला तर आता काय करणार?"

"बाजूला होणार."

"मग?"

"पाणी पिणार."

"मग?"

"घरी येणार."

हे बाईंनीच मागच्या खेपेला शिकवलं होतं. शाळेतल्या पोरासारखं त्यानं एका दमात म्हणून दाखवलं. बाईंनी हातातल्या कागदावर खूण केली.

"झाल्या गोष्टीचं वाईट वाटतं?"

तो विचार करू लागला. खरोखरच विचार करत होता. सुनेला ते दिसलं. अंगणात कोंबडी माती उकरत होती, तिच्याकडे तो बघत राहिला.

"वाटायला पाहिजे," तो म्हणाला.

"वाटतं का?"

"काहीच वाटत नाही."

सासूनं कपाळावर हात मारला. "अरे, वाटतं म्हण की! बाई, त्याला बोलायची अक्कल नाही. मनात कुढतो. रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही त्याच्या."

"मी घोरतो," तो म्हणाला.

बाईंना हसू येणार होतं, ते त्यांनी आवरलं. कागद मांडीवर उलटा ठेवला आणि म्हणाल्या, "लोकांना वाटतं, मी माणसाच्या मनातलं ओळखते. मला कुठलं ओळखता येतंय? मी एवढंच बघते, की कामधंदा आहे का, व्यसन आहे का, संगत कशी, गुन्हा पहिलाच का, घरातली माणसं धरून आहेत का, आणि ज्याला मारलं तो रोज समोर येतो का. एकेकाला गुण. बेरीज जास्त तर धोका कमी. बाकी देवाच्या हातात."

"मग गुण चांगले पडले की!" सासू म्हणाली. "कामाला वाघ, निर्व्यसनी. चुलत भाऊ बांधाला बांध लावून आहे, तेवढं सोडा. बांध काही उचलून नेता येत नाही."

बाई बोलत बोलत भिंतीकडे बघत होत्या. वर्षानुवर्षांच्या धुरानं भिंत काळवंडली होती आणि खुंट्यांखाली, जिथं हत्यारं टांगलेली असायची, तिथं ती फिकी राहिली होती. विळ्याची वाकडी फिकी खूण, कुऱ्हाडीची रुंद, फावड्याची सगळ्यात लांब. हत्यारं काढली होती, पण त्यांच्या आकारांना कुठं लपवणार?

"शेती कशानं करता?" बाईंनी विचारलं.

सासूनं सतरंजीची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"धार लावायला दिलीत," शेवटी सासू म्हणाली.

"फावड्यालाही धार?"

"त्याचा दांडा ढिला झाला होता."

"सगळ्यांचं एकदमच बिघडलं?"

"साथ आली की घरातली सगळीच आजारी पडतात, बाई."

यावर बाईंनी काही लिहिलं नाही. उठल्या आणि सुनेला म्हणाल्या, "ताई, स्कूटरपर्यंत येता?"

झाडाखाली सावली विरळ होती. बाईंनी हेल्मेट हातात घेतलं, पण घातलं नाही.

"तुमची मुलगी दिसत नाही."

"मामाकडे आहे. शाळा जवळ पडते तिथून."

"मागं आले तेव्हा शाळेला सुट्टी होती. तेव्हाही मामाकडेच होती."

सून चपलेच्या टाचणीकडे बघत उभी राहिली.

"ताई, ती हत्यारं कुणापासून लपवलीत? माझ्यापासून, की त्यांच्यापासून?"

सून स्कूटरच्या सीटवरची धूळ पदरानं पुसू लागली. सासूला विचारलं असतं तर तिनं दहा उत्तरं दिली असती.

बाई आवाज उतरवून म्हणाल्या, "एकाला मी धोका कमी म्हणून लिहून दिलं होतं. असाच कामसू. घरातली सगळी म्हणाली, काही भीती नाही. पुढं त्याच्या बायकोला मी दवाखान्यात बघितलं. अजून जेवताना तो चेहरा समोर येतो. तेव्हापासून माणसं काय बोलतात ते लिहून घेते आणि भिंती बघते." त्यांनी हेल्मेट घातलं. "कापणीला येईन. तेव्हा शेवटचं लिहायचं आहे. खुंट्या भरलेल्या दिसू देत."

स्कूटरची धूळ बसेपर्यंत सून तिथंच उभी होती.

कुणापासून, हे तिला चांगलं माहीत होतं. तो परत आल्यापासून रोज दिवेलागणीला, तो जनावरांना पाणी दाखवायला गेला की, ती हत्यारं उतरवून भुशात पुरत होती आणि पहाटे तो उठायच्या आत पुन्हा टांगत होती. दिव्याच्या उजेडात सासूला भिंत धड दिसत नव्हती, तिला पत्ता नव्हता. त्यानं तिच्यावर जन्मात हात उगारला नव्हता. पोरीला तर तो अगं म्हणतानाही हळू म्हणायचा. पण तिनं तो दिवस बघितला होता.

त्या दिवशी पाण्याची पाळी यांची होती. तो दारं धरून वाफ्यात पाणी सोडत होता, ती बांधावर गवत कापत होती. वरच्या अंगाला चुलत दिरानं पाटाला मातीनं बुजवलेलं बारं फोडलं आणि पाणी आपल्याकडे वळवलं. भांडण झालं नाही, शिवीगाळ झाली नाही. तो फावडं घेऊन पाटाच्या कडेनं चालत गेला, घाई न करता. वाटेत ढेकूळ आडवं आलं की माणूस फोडतो, तसा त्यानं एक घाव घातला आणि मग दुसरा. दीर ओरडत खाली बसला. यानं त्याच फावड्यानं फोडलेलं बारं बांधलं, फावडं पाण्यात धुतलं आणि परत येऊन राहिलेला वाफा भरायला लागला. ती धावत गेली तेव्हा तिच्याकडे बघून म्हणाला, "पाणी फुकट जातंय, तो कोपरा धर."

राग त्याला आलाच नव्हता. ती त्याचा चेहरा बघत होती. तो रोजच्यासारखा होता.

वकिलानं कोर्टात सांगायला शिकवलं ते तिनं सांगितलं, की रागाच्या भरात तोल गेला. रागाचा माणूस कोर्टाला समजतो. राग येतो तसा जातो. म्हणून तर तो सुटला. आणि बाईंच्या कागदावर तेच उतरलं होतं, आणि बाई त्याला राग आला तर काय करायचं ते शिकवत होत्या. ज्याला तापच नाही त्याच्या कपाळावर घड्या ठेवण्यातला प्रकार! पण हे बोलायची चोरी होती. बोललं तर तो आत जाणार, आणि तिनं कोर्टात खोटं सांगितलं तेही निघणार.

गव्हाच्या शेवटच्या पाण्याची पाळी आली. दाणा भरायचे दिवस होते, हे पाणी चुकलं की ओंबी पोचट. दोघं सकाळीच शेतात गेली. निघताना त्यानं खुंटीवरचं फावडं काढलं, नेहमीप्रमाणे उंबऱ्यावर दोनदा आपटलं आणि दांड्याच्या खोबणीतला भुसा बोटानं काढून टाकला. रोज सकाळी तो असंच करायचा. ती पुढं चालू लागली.

निम्मं शेत भिजलं असेल तेव्हा वाफ्यात येणारं पाणी बारीक झालं आणि थांबलं. दोघांनी वर बघितलं. चुलत दीर पाटावर उभा होता. मोडलेला हात कोपरात वाकडाच बसला होता, तो छातीशी धरून दुसऱ्या हातानं तो बारं फोडत होता.

"भाऊजी, पाळी आमची आहे!" ती ओरडली.

"माझ्या हाताची पाळी कुठं गेली, वहिनी?" तो म्हणाला. "एका हातानं मला वेळ लागतो. मी आधी घेतो, उरलं तर तुम्ही घ्या." मग नवऱ्याकडे बघून हसला, पण पाय त्यानं मागं घेतले होते. "काय रे? ये की. हात लाव. बाई वाटच बघतायत तुझी."

नवरा फावडं घेऊन उभा होता. तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं. तोच चेहरा होता. ढेकळाकडे बघावं तसा तो पाटाकडे बघत होता. त्यानं एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं.

तिच्यापाशी येऊन तो थांबला. "धर," म्हणाला आणि फावडं तिच्या हातात दिलं. मग बांधावर जाऊन बसला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

दिराचं शेत भिजेपर्यंत तो तसाच बसला होता. ऊन तापलं, माशा तोंडावर बसल्या, त्यानं त्याही हाकलल्या नाहीत. पाणी मोकळं झालं तेव्हा बारं तिनंच बांधलं. पण वरून पाटच आटत आला होता. शेवटच्या वाफ्यांना नुसती ओल लागली. तो उठला तेव्हा त्याच्या तळहातांवर खडे रुतून लाल वळ उठले होते. तो हात पुसत म्हणाला, "चल." बाजूला हो, पाणी पी, घरी ये, यातलं काही त्याला आठवलं असेल असं तिला वाटलं नाही.

कापणी सुरू झाली तशा बाई आल्या. या वेळी घरी न बसता तडक शेतात आल्या. तो पुढच्या ओळीला विळा चालवत होता, सासू पेंढ्या बांधत होती. शेताच्या खालच्या अंगाचा गहू ठेंगणा आणि पांढुरका उभा होता, त्याला अजून कुणी हात लावला नव्हता.

"घरी डोकावून आले," बाई सुनेला म्हणाल्या. "विळे इथं आहेत, बाकीच्या खुंट्या भरल्यात. फावडंही आहे. छान."

सून विळा खाली ठेवून उभी राहिली. कंबर धरली होती, बोटांना कुसळं टोचली होती.

"तुमच्या दिरांकडेही जाऊन आले. ते स्वतःच म्हणाले, की शेवटच्या पाळीला मी त्याचं पाणी घेतलं, तोंडावर घेतलं, तो हूं की चूं न करता बसून राहिला. वाघाची शेळी झाली म्हणाले." बाईंच्या चेहऱ्यावर बरं वाटल्यासारखं होतं. "पाणी घेतलं ते वाईटच. पण ताई, माझ्या कामात याहून मोठी परीक्षा नाही. तीच जागा, तोच माणूस, तेच कारण, आणि यांनी हात उचलला नाही."

म्हणजे दिरानं पाणी चोरलं आणि त्याचे गुण यांना पडले. एरवी सासूला सांगून सून पोटभर हसली असती.

"आता एकच राहिलं," बाई म्हणाल्या. "मागं मी विचारलं होतं, त्याचं उत्तर तुम्ही दिलं नव्हतं. तुम्हाला त्यांची भीती वाटते का?"

शेतात विळ्याचा खरर् खरर् आवाज चालला होता. मग तो थांबला. नवऱ्यानं वळून बघितलं नाही. वाकलेला होता तसाच, मूठभर ताटं हातात धरून, थांबला होता.

"बाई, त्या दिवशी..." सून म्हणाली.

"बोला."

पेंढ्या बांधणारे सासूचे हात थांबले होते. म्हातारीचे डोळे पिचपिचे झाले होते आणि ओठ न बोलताच हलत होते. तिच्यामागं उभा गहू होता, अजून आठवडाभराची कापणी, मग मळणी. सुनेला काहीच वाटत नव्हतं, ना दया, ना राग. नुसता थकवा होता, डोक्यापासून टाचेपर्यंत.

"नाही," ती म्हणाली. "भीती कसली?"

बाईंनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग लिहिलं. पुढं विळा पुन्हा चालू झाला.

"धोका कमी म्हणून कळवते," बाई म्हणाल्या. "आजी, आता नातीला घरी आणा. घर भरलेलं असलं की माणूस ताळ्यावर राहतो."

सासूनं पदर डोळ्यांना लावला, बाईंच्या हातात दोन पेंढ्या कोंबायला बघितल्या आणि त्यांनी नाही म्हटल्यावर त्यावरूनही रडली. संध्याकाळी घरी आल्यावर तिचं तोंड थांबेना. उद्याच मामाला निरोप धाडू, पोरीची गोधडी उन्हात घालू, बाई चांगली, चप्पल तेवढी घ्यायला हवी तिनं. दिवसभराच्या श्रमानं मग तिथंच भिंतीला टेकून तिला डुलकी लागली.

दिवेलागण झाली. तो जनावरांना पाणी दाखवायला उठला नाही. सून वाट बघत चुलीपाशी रेंगाळली. मग तो उठला, भिंतीपाशी गेला आणि एकेक हत्यार काढायला लागला. कुऱ्हाड. कोयता. कुदळ. दोन्ही विळे. तिचे हात पिठात होते, ते तिथंच राहिले. शेवटी त्यानं फावडं काढलं, सगळं घेऊन तिच्यासमोर आला आणि आवाज होऊ न देता जमिनीवर ठेवलं.

"भुशात ठेवतेस ते मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "रोज सकाळी भुसा काढतो मी."

ती हातांचं पीठ चोळत राहिली.

"बाईंना सांगणार होतीस ना?"

"हो."

"मलाही कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण त्या रागाचंच विचारतात." तो खाली बघत होता, आपल्या हातांकडे, जणू दुसऱ्या कुणी ते तिथं विसरून गेलं होतं. "पोर यायच्या आत जागा बदल."

"कुठं ठेवू?"

"मला सांगू नकोस."

तिनं हात धुतले. पदर खोचला आणि हत्यारं कवेत घेतली. आज ती फार जड लागली. अंगणात येऊन ती उभी राहिली. गोठा, विहीर, लाकडांचा ढीग, शेणकूट. जन्मभर या घरात वावरलेल्या माणसाला न सापडेल अशी जागा त्यात कुठली, ते तिला सुचेना.

तिनं वळून दारातून आत बघितलं. लपाछपीत राज्य आलेलं पोर बसतं तसा तो रिकाम्या खुंट्यांकडे तोंड करून, दोन्ही हातांनी डोळे झाकून बसला होता.